रावेन्ना : परक्यांच्या अस्थी जपणारे नगर

इटलीस जाणाऱ्या आपल्याकडील प्रवाशांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. रोम पाहावयाचे, तेथून फ्लॉरेन्स, वाटेत पिसाचा कलता मनोरा, शेवटी व्हेनिसच्या नौकांत बसून घ्यावयाचे, आणि घरी परतल्यावर सर्वांनी तीच छायाचित्रे एकमेकांस दाखवावयाची. ह्या मार्गात वावगे काहीच नाही. काशीस जाणाऱ्याने विश्वेश्वराचे दर्शन घेऊ नये, असे कोण म्हणेल? तथापि ज्याने काशीत आठ दिवस काढले आहेत त्यास ठाऊक असते, की विश्वेश्वराच्या गर्दीत जे हाती लागले नाही ते एखाद्या आडबाजूच्या घाटावर पहाटेच्या प्रहरी सहज मिळून जाते. रावेन्ना हे नगर इटलीतील असा एक आडबाजूचा घाट आहे. त्याचे नाव आपल्याकडील सुशिक्षित घरांतही क्वचितच ऐकू येते. परंतु ज्यास दोन दिवस मोकळे आहेत व थांबून पाहण्याची सवय आहे, त्याने रोममधील मुक्काम थोडा आखडता घ्यावा आणि येथे यावे, असे मी आग्रहाने म्हणेन. का म्हणेन, ते पुढे येईलच.

मी तेथे गेलो तो केवळ नगरदर्शनाच्या हेतूने नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. माझी धाकटी मुलगी व जावई नोकरीनिमित्त बोलोन्यास राहतात. त्यांच्याकडे दोन महिने जाऊन राहण्याचा आम्हां उभयतांचा बेत ठरला, ही वार्ता गावात पसरली. तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी मुद्दाम घरी आला. हा कृष्णाकाठच्या एका खेड्यातील शेतकरी. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तो माझ्यापाशी सातवीत होता. गणितात कच्चा, पण शब्दास पक्का. त्याच्या आजोबांचे थोरले बंधू मराठा पलटणीत होते, आणि १९४५ साली इटलीत कामास आले. घरी एक पदक व एक पिवळा पडलेला सरकारी कागद, याखेरीज त्यांचे काही उरलेले नाही.

"गुरुजी," तो म्हणाला, "आमची थोरली आजी मरेपतोर एकच म्हनायची. मानूस गेला ते गेला, पर माती कुठं पडली एवढं तरी कळावं. तिकडं कुठं नाव लिवलंय का, तेवढं बघाल?" नंतर त्याने खिशातून औषधाची एक लहानशी बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. तीत कृष्णेचे पाणी होते. "हाडं काही कृष्णामाईत आली न्हाईत. तर कृष्णामाईच तिकडं जाऊ दे. नाव घावलं तर त्याच्यावर एवढं घाला."

नकार देणे मला शक्यच नव्हते. बोलोन्यास पोहोचल्यावर मुलीने राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी संगणकावर चाळल्या. नाव, पलटण, मृत्यूचा दिवस, सर्व जुळले. फोर्ली नावाच्या शहरी हिंदी सैन्याची दफनभूमी आहे, तीत ज्यांचे दहन झाले अशा सैनिकांचे एक स्मारक आहे. त्यावर हे नाव कोरलेले होते. फोर्लीपासून रावेन्ना जवळच, तीस किलोमीटरांच्या आत. मुलगी म्हणाली, "बाबा, आधी दोन दिवस रावेन्ना पाहा, मग तेथूनच फोर्लीस जाऊ." असा मी रावेन्नास आलो, आणि तेथे जे पाहिले ते सर्व खिशातील त्या बाटलीसह पाहिले.

बोलोन्याहून रावेन्नास आगगाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. वाटेत डोंगर नाही, टेकडी नाही. सपाट जमीन, पीच व नासपतींच्या बागा, द्राक्षांचे मांडव आणि मधून मधून बांधाने बांधलेल्या नद्या. गावात शिरले की प्रथम जाणवते ती शांतता. मध्यवस्तीत मोटारी फारशा नाहीत. सायकली मात्र अगणित. माझ्याहून दहा वर्षांनी वडील अशा आजीबाई सायकलीच्या टोपलीत भाजी घालून ताठ बसून चाललेल्या पाहिल्या, आणि गुडघे दुखतात म्हणून मी जी सहानुभूती मिळवीत होतो ती मला आवरती घ्यावी लागली.

हे नगर एके काळी समुद्रावर होते. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने येथील क्लास्से ह्या बंदरात आपल्या आरमाराचा एक तळ ठेवला. भोवती दलदल, कालवे आणि खारे पाणी. त्यामुळे शत्रूस जमिनीने येणे अवघड आणि मित्रास समुद्राने येणे सोपे. म्हणूनच ४०२ साली, उत्तरेकडून टोळ्यांचे हल्ले वाढले असता, सम्राट होनोरियसने आपला दरबार मिलानहून येथे हलविला. ४७६ साली पश्चिमेचा शेवटचा रोमन सम्राट पदच्युत झाला तेव्हाही राजधानी हीच होती. त्यानंतर गॉथ जातीचा राजा थिओडोरिक आला. त्याच्यामागून ५४० साली कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचे सैन्य आले. ७५१ साली लोंबार्ड आले. मग मात्र कोणी आले नाही. नद्यांच्या गाळाने बंदर भरत गेले, आणि आज समुद्र गावापासून आठ-दहा किलोमीटर दूर आहे. आपली द्वारका समुद्राने गिळली असे पुराणे सांगतात. रावेन्नास समुद्र सोडून गेला. क्लास्से येथे ५४९ साली प्रतिष्ठापिलेले एक भव्य मंदिर आज शेतांच्या मध्ये उभे आहे. त्याच्या आतील हिरव्या कुरणात पांढरी मेंढरे ओळीने उभी आहेत. आणि ज्या बंदरासाठी ते गाव वसले त्या बंदराच्या जागी गहू उभा असतो.

परंतु ह्या दैन्यातच रावेन्नाचे भाग्य होते. जे नगर वैभवात राहते ते आपली जुनी घरे पाडून नवी बांधते. रोममध्ये असे अनेकवार झाले. रावेन्नास नवे बांधण्याची ऐपत राहिली नाही, म्हणून पाचव्या व सहाव्या शतकांतील मंदिरे बरीचशी जशीच्या तशी राहिली. त्यांपैकी आठ वास्तूंचा समावेश १९९६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला.

ह्या वास्तूंचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांतील मोझेक. मोझेक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांतील ठिपक्यांची फरशी येते. शब्द तोच, पण वस्तू निराळी. आपल्या काव्यांत राजप्रासादांची जी मणिकुट्टिमे वर्णिलेली आहेत, ती मनात आणून जमिनीवरून उचलून भिंतीवर व घुमटावर चढवावी, म्हणजे थोडीशी कल्पना येईल. काचेचे व दगडाचे नखाएवढे तुकडे ओल्या गिलाव्यात एकेक करून बसवावयाचे. सोनेरी तुकड्यांत काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख असतो. हे तुकडे एका सपाटीत न बसविता किंचित कलते बसवीत. त्यामुळे आपण चालू लागलो की उजेड एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जातो, आणि संपूर्ण भिंत श्वास घेते आहे असा भास होतो. छायाचित्रात हे उतरत नाही. तेवढ्यासाठी तेथे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रथम पाहावी ती गाल्ला प्लाचीदियाची समाधी. बाहेरून पाहिले तर साध्या विटांची, क्रूसाच्या आकाराची, ठेंगणी इमारत. आपल्या खेड्यातील एखादे जुने देऊळ हिच्याहून उंच असते. आत पाऊल टाकले की प्रथम अंधार. कारण खिडक्यांना काच नाही, अलबास्टर दगडाचे पातळ तक्ते आहेत, आणि त्यांतून मधासारखा उजेड झिरपतो. डोळे निवले की डोक्यावर गर्द निळे आकाश उघडते व त्यात सोन्याच्या चांदण्या वर्तुळावर्तुळाने मांडलेल्या दिसतात. एका बाजूस दोन हरणे पाण्याशी आलेली आहेत. दुसरीकडे पारवे भांड्याच्या काठावर बसले आहेत. गर्दीच्या दिवसांत आत जेमतेम पाच मिनिटे थांबू देतात. त्या पाच मिनिटांत आमच्या सौभाग्यवतींनी मान खाली केली नाही.

गाल्ला प्लाचीदिया ही सम्राटाची कन्या. गॉथांनी ४१० साली रोम लुटले त्या सुमारास ती त्यांच्या हाती सापडली, पुढे त्यांच्याच राजाशी तिचा विवाह झाला, विधवा झाल्यावर ती परत आली, आणि लहान मुलाच्या नावाने तिने पश्चिमेचे साम्राज्य अनेक वर्षे चालविले. ४५० साली ती वारली ती रोममध्ये. आत तीन मोठ्या दगडी शवपेट्या आहेत, पण ती येथे पुरली गेली असे विद्वान मानीत नाहीत. म्हणजे समाधी आहे, तिच्यावरचे आकाश आहे, आणि जिच्या नावाने हे सर्व आहे ती मात्र नाही.

लगतच सान व्हिताले हे अष्टकोनी मंदिर आहे. त्याचे काम ज्युलियानस नावाच्या एका धनिकाने २६,००० सुवर्णनाणी खर्चून करविले आणि ५४७ च्या सुमारास त्याची प्रतिष्ठापना झाली. गर्भगृहाच्या एका भिंतीवर सम्राट जस्टिनियन व दुसऱ्या भिंतीवर सम्राज्ञी थिओडोरा, परिवारासह, हाती अर्पणाची पात्रे घेऊन समोरासमोर उभी आहेत. चौदाशे वर्षांहून अधिक काळ ती येथून पाहत आहेत. परंतु ह्या दोघांपैकी कोणीही आयुष्यात रावेन्नास आले नाही.

सांत आपोल्लिनारे नुओव्हो हे थिओडोरिकने आपल्या राजवाड्याशेजारी बांधविलेले मंदिर. येथे एका बाजूस बावीस कुमारिका व दुसऱ्या बाजूस सव्वीस हुतात्मे शुभ्र वस्त्रांत ओळीने वेदीकडे चालले आहेत. कुमारिकांची मिरवणूक क्लास्सेच्या बंदरातून निघते. तेथे निळ्या पाण्यावर गलबते उभी आहेत; आज ते पाणी केवळ ह्या भिंतीवर उरले आहे. पुरुषांची मिरवणूक राजवाड्यातून निघते, आणि हा राजवाडा लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. त्याच्या कमानींत पडदे लोंबत आहेत. पूर्वी तेथे पडदे नव्हते, माणसे होती. बहुधा थिओडोरिकच्या दरबारातली. थिओडोरिक ख्रिस्ती, पण आरियन पंथाचा. ख्रिस्त हा पित्याशी समान की पित्याहून खालचा, हा त्या काळचा वाद आपल्याकडील द्वैत-अद्वैताच्या वादाइतकाच सूक्ष्म होता आणि त्याहून पुष्कळ अधिक रक्तरंजित. दुसऱ्या पंथाचे राज्य आल्यावर त्यांनी ती माणसे भिंतीवरून खरवडून काढली व त्या जागी पडदे भरले. पण काम करणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट राहून गेली. खांबांवर ठिकठिकाणी हात उरले आहेत. अंग नाही, मुख नाही. नुसता एक पंजा, एक मनगट, खांबास धरून. ते हात पाहून मी बराच वेळ तेथे बसून राहिलो. ज्यांचे नाव पुसावयाचे त्यांचेही काहीतरी मागे राहतेच, हे शाळेतील इतिहासाच्या पुस्तकाने मला इतक्या स्पष्टपणे कधी सांगितले नव्हते.

थिओडोरिकची समाधी गावाबाहेर थोड्या अंतरावर, झाडांच्या मध्ये आहे. हा राजा बालपणी कॉन्स्टँटिनोपलला ओलीस म्हणून वाढला, प्रतिस्पर्ध्यास मेजवानीस बोलावून त्याने स्वहस्ते ठार केले, आणि पुढे तेहेतीस वर्षे राज्य मात्र शहाणपणाने केले. ५२६ साली तो वारला. त्याची दहा बाजूंची दुमजली समाधी पांढऱ्या दगडाची असून तिचे छप्पर हा एकच अखंड दगड आहे. व्यास सुमारे दहा मीटर, वजन दोनशे टनांहून अधिक. समुद्रापलीकडील इस्त्रियाहून तो आणिला. तो वर कसा चढविला असेल ह्याचा विचार करीत माणूस वरच्या मजल्यावर येतो, तो तेथे जांभळ्या दगडाचे एक मोठे स्नानपात्रासारखे भांडे. थिओडोरिकला ह्यातच ठेविले असावे असे म्हणतात. आज ते रिकामे आहे. अस्थी केव्हा गेल्या व कोणी नेल्या, सर्व काळाच्या उदरात.

दोन राजसमाध्या पाहिल्या, दोन्ही रिकाम्या. तिसरी समाधी एका दरिद्री, देशोधडीस लागलेल्या कवीची. ती मात्र भरलेली आहे, आणि ती भरलेली राहावी म्हणून ह्या गावाने जे केले तीच रावेन्नाची खरी कथा.

दान्ते हा फ्लॉरेन्सचा. राजकीय पक्षभेदात त्याचा पक्ष हरला आणि १३०२ साली त्यास हद्दपार करण्यात आले. सापडल्यास जिवंत जाळावे, अशी शिक्षा झाली. पुढे क्षमा देऊ केली ती अपमानाच्या अटींवर. ती त्याने नाकारली. दारोदार हिंडत अखेरच्या काही वर्षांत तो रावेन्नास आला. तेथील अधिपतीने त्यास आश्रय दिला, आणि 'दिव्य कॉमेडी' ह्या महाकाव्याचा शेवटचा भाग येथेच पूर्ण झाला. विद्वानांची भाषा लॅटिन असता त्याने हे काव्य लोकांच्या बोलीत लिहिले. १२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा दान्ते पंचवीस वर्षांचा होता. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन दूरच्या देशांत एकाच पिढीत हे घडावे, याचे मराठी वाचकास नवल वाटल्यावाचून राहणार नाही. १३२१ साली व्हेनिसच्या शिष्टाईवरून परतताना दलदलीचा ताप भरून १३ सप्टेंबरच्या रात्री दान्ते वारला, आणि येथील फ्रान्सिस्कन संन्याशांच्या मंदिराशेजारी पुरला गेला.

त्यानंतर फ्लॉरेन्सला आपल्या कवीची आठवण झाली. अस्थी परत द्या, अशी मागणी तिने वारंवार केली; रावेन्नाने प्रत्येक वेळी नाही म्हटले. अखेर १५१९ साली फ्लॉरेन्सच्याच घराण्यातील पोपने अनुमती दिली. समाधी बांधून देण्यास खुद्द मायकेलअँजेलो सिद्ध झाला. शिष्टमंडळ आले, शवपेटी उघडली, तो पेटी रिकामी! मठातील संन्याशांनी भिंतीस मागून भोक पाडून अस्थी आधीच काढून घेतल्या होत्या. पुढे १६७७ साली एका संन्याशाने त्या लाकडी पेटीत घालून पेटीवर दान्तेचे नाव लिहिले. आणि मठ बंद पडल्यावर ती पेटी भिंतीत चिणलेलीच राहिली. १८६५ साली, दान्तेच्या जन्मास सहाशे वर्षे झाल्याच्या उत्सवासाठी दुरुस्ती चालू असता, एका गवंड्याच्या हाती ती लागली. फ्लॉरेन्सने १८२९ साली आपल्या सांता क्रोचे मंदिरात दान्तेचे भव्य स्मारक उभारले आहे. ते आजही रिकामे आहे. त्या नगरपालिकेने २००८ साली ठराव करून ती जुनी शिक्षा रद्द केली. शिक्षा रद्द झाली. अस्थी रावेन्नातच राहिल्या.

१७८१ साली पूर्ण झालेली सध्याची समाधी एका गल्लीच्या टोकाशी आहे. लहान, पांढरी, आपल्याकडील एखाद्या वृंदावनासारखी नीटस. आत एक दिवा अखंड तेवत असतो. हा दिवा मी येथे मुद्दाम सांगतो. दरवर्षी सप्टेंबरात, दान्तेच्या पुण्यतिथीच्या सुमारास, फ्लॉरेन्सचे प्रतिनिधी रावेन्नास येतात व त्या दिव्यासाठी आपल्या प्रांतातील ऑलिव्हचे तेल आणून देतात. १९०८ पासूनची ही प्रथा. ज्या गावाने हाकलले ते गाव तेल पुरविते, आणि ज्या गावाने ठेवून घेतले ते गाव वात लावते. सप्टेंबर २०२० पासून समाधीपाशी रोज दान्तेच्या काव्यातील एक सर्ग वाचण्याचा उपक्रमही सुरू झाला. आम्ही गेलो त्या सायंकाळी एक वृद्ध गृहस्थ चष्मा सावरीत वाचीत होते व आठ-दहा माणसे उभ्याने ऐकत होती. मला इटालियन येत नाही. परंतु तीन-तीन ओळींचे ते बंध कानांवर पडत असता, ओवीच्या सवयीने माझी मान आपोआप हलू लागली.

खिशात बाटली होती. घरून पाठविलेले तेल व घरून पाठविलेले पाणी. माझ्या शिष्याने कोणता ग्रंथ वाचून ही गोष्ट केली नव्हती.

समाधीशेजारच्या बागेत वेलींनी झाकलेला मातीचा एक उंचवटा आहे. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांचे भय पडले तेव्हा, मार्च १९४४ पासून डिसेंबर १९४५ पर्यंत, दान्तेची पेटी येथे मातीखाली ठेविली होती. हे वाचले आणि मनात तारखा जुळल्या. रावेन्नाच्या पश्चिमेस, वीस-पंचवीस किलोमीटरांवर, सेनिओ ही नदी वाहते. १९४५ च्या वसंतात तिच्या उंच बांधांवर जर्मन सैन्य तळ देऊन होते. ९ एप्रिल रोजी मराठा पलटणीने ती नदी ओलांडली. अहमदनगरकडील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव यांनी त्या दिवशी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून नेले, एकट्याने तीन यंत्रबंदुकांची ठाणी बंद पाडली, आणि हातास जखम झाली असता बांधावर चढून रणगर्जना करीत मागील लोकांना पलीकडे बोलाविले. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला व ते घरी परतले. कित्येक परतले नाहीत. म्हणजे ज्या दिवसांत इटलीचा महाकवी ह्या उंचवट्याखाली झाकून ठेविलेला होता, त्याच दिवसांत, एका दिवसाच्या पायवाटेवर, आपल्या खेड्यांतील मुले त्या चिखलात पडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फोर्लीस गेलो. दफनभूमी शांत आहे. गवत कापलेले, फुलझाडे निगुतीने लाविलेली, पांढऱ्या शिळांच्या ओळी सरळ. येथे सुमारे पाचशे सैनिकांच्या समाध्या आहेत; आणि दहनस्मारकावर सातशेंहून अधिक नावे. पलटणीनुसार नावे वाचीत गेलो. रोमन लिपीत कोरलेली ती नावे प्रथम परकी वाटतात. ओठांवर घेतली की आपली होतात. माझ्या वर्गाच्या हजेरीपटात मी तीस वर्षे जी आडनावे वाचीत आलो, तीच तेथे ओळीने उभी होती. फरक एवढाच, की 'हजर' म्हणणारे कोणी नव्हते. हवे ते नाव मुलीस सापडले. तिने छायाचित्र घेतले, सौभाग्यवतींनी वाटेत घेतलेले फूल खाली ठेविले, आणि मी बाटलीचे बूच काढून पाणी त्या नावावर ओतले. दगड क्षणभर काळा झाला. ऊन होते, पाहता पाहता वाळून पुन्हा पांढरा झाला.

परतल्यावर शिष्य आला. त्याने छायाचित्र बराच वेळ हातात धरले. नाव वाचता येईना, म्हणून मी अक्षरांवर बोट ठेवून वाचून दाखविले. मग त्याने विचारले, "गुरुजी, तिथं कुनी बघतं का त्यास्नी?" मी त्यास कापलेले गवत सांगितले, फुलझाडे सांगितली, आणि दान्तेच्या दिव्याची गोष्टही सांगितली. ती त्याने नीट ऐकून घेतली. थोड्या वेळाने म्हणाला, "मग आपुनबी दर साली पानी धाडायचं का?" मी म्हणालो, "जाणारा मिळेल तेव्हा धाडू." मुलगी दिवाळीस येणार आहे, बाटली भरून तयार आहे.

कोणी जाणार असेल त्याच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून हा लेख पुरा करितो. मे किंवा सप्टेंबर महिना उत्तम. उन्हाळ्यात उकाडा व डास, हिवाळ्यात दाट धुके. मुख्य मंदिरांचे तिकीट एकत्र मिळते. गाल्ला प्लाचीदियाच्या समाधीची वेळ मात्र आधी ठरवून घ्यावी. दान्तेच्या समाधीस तिकीट नाही. तेथील पियादीना नावाची तव्यावरची पोळी ताज्या चीजबरोबर फार रुचकर लागते; परंतु तिच्या कणकेत परंपरेने डुकराची चरबी घालतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी ऑलिव्हच्या तेलातली विचारून घ्यावी. दोन दिवस रावेन्नास द्यावेत आणि एक सकाळ फोर्लीस. तेथे गेल्यावर ती नावे थोडी मोठ्याने वाचावीत. आपल्या उच्चाराने ती वाचणारा तेथे रोज येत नाही.